नऊ वाव पाणी

पुनवेचं उधाण. दिवस कलताना.

"बेचाळीस फूट," एरॉल म्हणाला. "म्हंजे सात वाव. आजाच्या टायमाला सात, गेल्या साली सात. झालं पपा? निघूया?"

खोली मोजायच्या मशीनच्या काचेवर निळ्या पाण्याखाली जाड लाल पट्टी सरकत होती. ती लाल पट्टी म्हणजे तळ. थॉमसने तिकडे पाहिलं नाही. तो बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उकिडवा बसला होता, मांडीवर दोरीचं वेटोळं, हातात शिशाचा गोळा.

ओहोटी सरली होती, भरती लागायची होती. खाडीच्या तोंडावर पाणी उभं राहतं ते एवढंच, दहा मिनिटं. त्याने गोळा सोडला. दोरी सरळ खाली गेली. एका जागी ती किंचित सैलावली, गोळा काहीतरी मऊ ओलांडत असल्यासारखी, आणि पुन्हा ताठ होऊन खाली निघाली. मग ठक्क. हाताला कळला तो तळ. त्याने कमरेच्या रुमालाची चिंधी फाडली आणि पाण्याच्या रेषेवर दोरीला बांधली.

मग तो दोरी वर घेऊ लागला. दोन्ही हात पसरून छातीवरून दोरी ताणायची, एक वाव. पुन्हा पसरायची, दोन. डावा हात पुरा जात होता. उजवा खांद्यापाशी अडत होता. तीन वर्षांपूर्वी चालत्या यंत्राच्या दोराने तो खांदा उखळीतून काढला होता. बसवला, पण पुरता बसला नाही.

"नऊ," थॉमस म्हणाला.

खलाशी हसला. एरॉल हसला नाही, पण त्याने मशीनवर बोट आपटलं. "हे काय आंधळं हाय?"

"नऊ."

"दोन वाव जमीन कोन घेऊन गेला, पपा? पिशवीत भरून?"

थॉमसने दोरी गुंडाळली. भरती लागली. जाळी लावायच्या रांगेत सतरा जागा, त्यातली त्यांची चौथी. बोटीतून पाहताना चर्चच्या क्रॉसवर किल्ल्याचा बुरूज आला की जागा आली. दर पावसाळ्याआधी जाळी बांधायचे लाकडी खुंट उपटायचे, पावसाळ्यानंतर पुन्हा रोवायचे. रीत अशी की पुनवेच्या उधाणाला घरातल्या थोरल्याने आपल्या हाताने वाव मोजायचे आणि जमातीच्या बैठकीत सांगायचे. मधल्या भांगेत, पाण्याला जोर नसताना, खुंट रोवायचा. अवसेच्या उधाणात तो उभा राहिला की वर्षभर जागा त्या घराची. पडला की जागा गेली. कायमची. कागद नाही, सही नाही.

चौथी जागा थॉमसच्या घरात चार पिढ्या होती. बाकी घरात काय होतं? पत्र्याची पडवी, एक बोट, फाटकी जाळी, आणि हा एक म्हातारा.

अंगण

एरॉलची बायको मार्था दोरीचं टोक धरून भिंतीपाशी उभी होती. दोरी गोड्या पाण्याने धुवायची हे तिचं काम. धुण्याआधी थॉमसने पुन्हा मोजायला घेतली.

एक. दोन. तीन.

तो मोठ्याने मोजत होता. प्रत्येक वावाला उजव्या खांद्यात कटकन वाजत होतं. आल्बिना, शेजारच्या जेन्सनची बायको, कुंपणापलीकडे बोंबील उलटे करत होती आणि अधूनमधून बघत होती.

दहा. अकरा. बारा. चिंधी.

"नऊ," थॉमस म्हणाला.

"बारा झाले, पपा."

त्याने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "माझा हात पाऊन उघडतो. माझे चार म्हंजे खरे तीन. माझे बारा म्हंजे किती?"

मार्थाने बोटांवर मोजलं. "नऊ."

"शानी हायस. आता तोंड शिव. तीन वर्सं असंच सांगतोय मी. ज्याचे हात उघडत नाय त्याचा शब्द जमातीत चालत नाय."

"मग शब्द यांना द्या ना. अडतीस वर्सांचे झाले."

दोरीचं वेटोळं थॉमसने तिच्या पायांवर टाकलं. ओलं, जड, शिशासकट. गोळा तिच्या अंगठ्यावर बसला.

"तुझ्या नवऱ्याला तळ हाताला कळत नाय, काचेत बघावा लागतो," तो आता मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "त्याला शब्द दिला तर तुझ्यासारकी बाय आमचा खुंट रोवील. तुजा बापूस काय करायचा? मिठागरात फळी वडायचा. मीठवाल्याची पोर मला वाव शिकवते!"

कुंपणापलीकडे आल्बिना हसली. मार्थाने अंगठा पाहिला नाही. दोरी उचलून नळाकडे नेली.

खाली

हे कुणी पाहिलेलं नाही, कारण तिथे दिसत नाही.

जूनपासून लाटा आत येतात. खोल पाण्यात लाट तळाला शिवत नाही. उथळात आली की तिचं खालचं पाणी तळावर पुढे-मागे घासतं. पुढे, मागे. दर सात-आठ सेकंदांनी एकदा, तीन महिने. घट्ट चिखल आधी मऊ होतो, मग पेजेसारखा पातळ. लाट त्याला फक्त उचलून ठेवते, नेत नाही.

नेते ती ओहोटी. खाडीतलं सगळं पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडायला धावतं तेव्हा तळालाही ओढ असते. उचललेलं सगळं ती घेऊन जाते.

पूर्वी गेलेलं नदी भरून देत असे. वरून गाळ येई, रेती येई. आता वर धरणं आहेत, त्याखाली रेती उपसणारे पंप आहेत, आणि नदी तोंडाशी येते ती रिकाम्या हाताने.

चौथ्या जागेखाली घट्ट जमीन दोन वाव खाली गेली होती. तिच्यावर दोन वाव पेज साचून होती. मशीनचा आवाज पेजेच्या सायीवर आपटून परत येत होता आणि सांगत होता: बेचाळीस. शिशाला पेज अडवत नाही.

जमात

चर्चच्या मागे, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत जमात बसली. पाटील खुर्चीवर, बाकीचे वाळूवर. बायका दूर, जाळ्यांच्या शेडपाशी उभ्या.

एकेक घर उठून वाव सांगत होतं. साडेसात. सात. सात. आठ, तोंडाकडच्या शेवटच्या जागेला. चौथ्या जागेचं नाव आलं.

"नऊ," थॉमस म्हणाला.

कुणीतरी शीळ घातली. पाचव्या जागेवाला जेन्सन गुडघे झटकत उठला. "माज्या जागेला साडेसात, काका. तुमच्या-माज्यात तीस हातांचं अंतर. तितं काय विहीर खनलीत?"

"मोजून सांगतो."

"मोजलं कोनत्या हातानं?"

हशा पिकला. जेन्सन पाटलाकडे वळला. "जमातीनं काकांचा वाव बगावा. माजी काय तक्रार नाय. पन चुकीच्या मापाचा खुंट पडला तर पयला माज्या जाळ्यात येईल."

पाटलाने एरॉलकडे पाहिलं. "मशीन काय म्हनते रं?"

"बेचाळीस फूट."

"सात," चार-पाच जण एकदम म्हणाले.

थॉमसला होडीला पाठ लावून उभं केलं. त्याने आपणहून हात पसरले. डावा आडवा गेला, उजवा कोपरापासून खाली लोंबत राहिला. पाटील म्हणाला, "ताना जरा. होईल तेवडा उगडू दे. मागनं म्हनायला नको." जेन्सन पुढे आला तसा पाटलाने त्याला थांबवलं. "पोऱ्यानंच धरावा."

एरॉलने बापाचं मनगट धरलं.

"वड."

त्याने ओढलं. थॉमसच्या तोंडातून आवाज आला नाही, नाकातून आला. खांद्याचा गोळा सदऱ्याखाली वर आला आणि तिथेच थांबला.

"आजून."

"जात नाय," एरॉल म्हणाला.

"तुजा बापूस हाय म्हून जात नाय का?"

एरॉलने पाय रोवून ओढलं. थॉमसचे गुडघे वाकले, पाठ होडीवरून घसरली. जेन्सनने बगलेत हात घालून त्याला वर धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या दोन्ही बोटांपाशी फळीवर खडूच्या रेघा मारल्या. मग स्वतः तिथे उभा राहिला आणि हात पसरले. त्याचा उजवा पंजा रेघेच्या कितीतरी पलीकडे गेला.

"पाऊन," पाटील म्हणाला. "पाऊन वाव. म्हंजे काकांचे नऊ म्हंजे..." तो थांबला. हिशेब कुणीतरी मागून पुरा केला. "पावनेसात!"

"मशीन सात, काका पावनेसात. बरोबर जमलं."

थॉमस वाळूवर बसला होता. "मी बारा मोजले," तो म्हणाला. "बारा मोजले, नऊ सांगितले. हात मला म्हाईत हाय माजा."

"आता बारा!" जेन्सन म्हणाला. "उद्या अठरा."

"दोरी आना. दोरीवर चिंधी हाय पान्याच्या रेघेला. तू मोज, जेन्सन. तुज्या हातानं मोज."

पाटलाने क्षणभर विचार केला. "जा रं एरॉल. दोरी घेऊन ये."

शेडपाशी उभ्या बायकांतून मार्था आधीच निघाली होती.

चिंधी

दोरी नळामागच्या खिळ्यावर वाळत होती. चिंधी तांबडी, गाठ पाण्याने फुगलेली. मार्थाने गाठीत नख घातलं.

एरॉलची पावलं गल्लीत वाजत होती. तिला घाई होती, आणि गाठ सुटत नव्हती. तिने दातांनी धरली. खारट लागली. सुटली.

दोरीवर तिथे थोडा चपटा वळ राहिला. तिने तो अंगठ्याने चोळला, त्याच सुजलेल्या अंगठ्याने, आणि चिंधी ब्लाउजात खोचली.

ती काय करते आहे हे तिला नीट ठाऊक होतं. आज म्हाताऱ्याचा शब्द संपेल. उद्यापासून चौथी जागा एरॉलच्या शब्दाची. सात असो की नऊ, आधी शब्द हातात येऊ दे, तळाचं मागाहून बघता येईल. खुंट बुडेल असं तिला वाटलं नाही. मिठागरातली पोर ती, तिला गुडघाभर पाण्याखालची जमीन माहीत होती. तिथे दोन वितींनी काही बिघडत नसे.

"चिंधी कुटाय?" एरॉल दोरी दोन्ही हातांनी फिरवत होता.

"कसली चिंधी?"

"पपा म्हनतात बांदलेली."

"मी धुतली दोरी. नव्हती काय." मग ती म्हणाली, "तुमी मशीनवर बगितलं ना? मग तुमाला सोताच्या डोळ्यांवर इस्वास नाय का?"

एरॉल दोरी घेऊन परत गेला. जमातीने दोरी पाहिली. नुसती दोरी होती. थॉमसने ती इंच इंच चाचपली, वळावरून त्याचं बोट दोनदा गेलं आणि पुढे गेलं. तीन वर्षांची दोरी, असे वळ तिच्यावर पन्नास होते.

"चौथ्या जागेला सात," पाटील म्हणाला. "आनि हितनं पुढं शब्द एरॉलचा. थॉमस तांडेल, तुमी आता घरी बसा. लय केलंत."

टाळ्या वाजल्या. ती रीतच होती.

भांग

सात पाण्याचे आणि चार जमिनीतले, अकरा वावांचा खुंट. दोन ओंडके, मधे लोखंडी पट्ट्यांचा जोड. गेल्या सालचाच होता. नऊ असते तर तिसरा ओंडका जोडावा लागला असता.

भरतीला खुंट जागेवर उभा केला आणि दोन बाजूंनी दोन बोटी त्याला आवळून बांधल्या. आता काम ओहोटीचं. पाणी उतरतं, बोटी उतरायला बघतात, त्यांचा सगळा भार खुंटावर लोंबतो आणि खुंट जमिनीत शिरतो. एका ओहोटीला एक वाव. भरतीला दोर सोडायचे, वर नव्याने बांधायचे. दिवसा-उजेडी चार दिवसांचं काम.

खुंट उभा केला तेव्हाच दोर आवळण्याआधी तो आपल्या वजनाने दोन वाव खाली गेला.

"लोनी हाय लोनी!" खलाशी ओरडला.

थॉमस बोटीत होता. घरी बसा म्हटलं तरी तो आला होता आणि त्याला कुणी उतरवलं नव्हतं. तो मागे, इंजिनाच्या झाकणावर बसला होता.

"घट्ट जमीन येवडी सोपी जात नाय," तो म्हणाला.

"चहा घ्या," एरॉल म्हणाला.

ओहोटी जोरात लागल्यावर, सगळे दोरांकडे बघत असताना, एरॉलने नाळेवरून शिसं सोडलं. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. गोळा सातापाशी रेंगाळला आणि खाली गेला. ठक्क. त्याने दोरी वर घेतली, हात पसरून, ओठ न हलवता. धड, तरणे हात. अजून उतरायचं होतं ते पाणी वजा करून साडेनऊ.

दोरी तिरकी गेली. ओहोटीच्या ओढीत दोरी तिरकीच जाते, माप जास्त येतं. हे कुणालाही माहीत आहे. त्याने गोळा पुसला आणि पेटीत ठेवला. वर पाहिलं तर थॉमस त्याच्याकडे बघत होता.

"किती?"

"काय किती?"

"मी तुला जन्माला घातला एरॉल. किती?"

"सात," एरॉल म्हणाला. "उगी बसा. न्हाईतर पुढच्या टायमाला बोटीत घेनार नाय. लोक हसतात."

चार दिवसांचं काम दोन दिवसांत झालं. ओहोटीच्या पाण्यावर खुंटाचं डोकं हातभर राहिलं, अगदी मापात. फादरांनी बंदरावरून पाणी शिंपडलं. मार्थाने त्या दिवशी कालवण केलं, एरॉलच्या ताटात अंड्यांची गाभोळी वाढली आणि थॉमसच्या ताटात शेपटी.

"शेपटी कुनाला?" थॉमसने विचारलं.

"जो बसून हाय त्याला," मार्था म्हणाली.

एरॉल गाभोळी खात राहिला.

खाली, पुन्हा

अडथळा आला की पाणी दुभंगतं. खुंटाच्या पुढ्यात ते खाली सूर मारतं, बुडाशी भोवरा करतं आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून निसटतं. निसटताना मूठ मूठ चिखल नेतं. भरतीला एका बाजूने, ओहोटीला दुसऱ्या. प्रत्येक खुंटाला हे होतं. चार वाव जमिनीत असलेल्या खुंटाचा वावभर पाय उघडा पडतो, आणि तो उभा राहतो.

हा दोन वाव जमिनीत होता.

अवसेचं उधाण

डोल लावली. जाळ्याचं मोठं तोंड खुंटाला बांधलं की ओहोटीची ओढ त्याला फुगवते, घरात मावणार नाही एवढी पिशवी होते, आणि वाहून येणारी करंदी, मांदेली, बोंबील शेपटीत जमतात. ती सगळी ओढ खुंटाने सोसायची.

दुपारी दीडला पाणी पळू लागलं. फेस तिरका धावत होता. बंदरावर लोक उभे होते. अवसेला सगळेच उभे असतात.

निम्मं पाणी उतरल्यावर चौथ्या जागेच्या खुंटाचं डोकं वर आलं आणि थरथरलं. मग वाकलं. मान हलवून सरळ झालं.

"धरा!" एरॉल बोटीतून ओरडला. त्याने दोर टाकला, खुंटाच्या डोक्यावर फास बसला, इंजिन उलटं घातलं. दोर त्याच्या दोन्ही तळव्यांतून सरकला आणि कातडं घेऊन गेला. त्याने सोडला नाही. खलाशाने त्याच्या पोटाला मिठी मारून त्याला मागे पाडलं तेव्हा सुटला.

खुंट आडवा झाला नाही. लाकूडच ते, जमिनीने सोडल्यावर तरंगायला बघतं. त्याचं टोकदार बूड पाण्यातून वर आलं, माणसाच्या उंचीच्या तिप्पट, काळं, पाणी निथळणारं. चिखल फक्त टोकाला होता, घट्ट, निळा. दोन वावांहून कमी. वरचं सगळं लाकूड धुतल्यासारखं स्वच्छ. जिथे बूड उसळलं तिथे क्षणापूर्वी बोटीची नाळ होती.

जाळं, दोर आणि अकरा वाव लाकूड ओढीबरोबर निघालं आणि तीस हात पुढे जेन्सनच्या डोलीत शिरलं. फाटण्याचा आवाज बंदरापर्यंत आला नाही. जेन्सनची शिवी आली.

थॉमस बंदराच्या कठड्यावर बसला होता. कुणीतरी म्हणालं, "तांडेल, गेली तुमची." त्याने मान हलवली. हो म्हणून.

जमात

पुन्हा तीच होडी, तीच सावली. एरॉलच्या तळव्यांना हळद आणि चिंध्या. फळीवरच्या खडूच्या रेघा पुसट झाल्या होत्या.

पाटील फार बोलला नाही. अवस झाली, खुंट नव्हता. शेजारचा म्हणून जागा जेन्सनची. त्याचं जाळं फाटलं, त्याच्या भरपाईसाठी एरॉलने हे वर्ष त्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काढायचं. एरॉल हो म्हणाला. त्याला विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

"पडला का पन?" कुणीतरी विचारलं.

"रोवायची घाई," जेन्सन म्हणाला. "दोन दिवसांत खुंट बसवतात का कोन? आनि वर मीठवाल्यांचा पायगुन."

बायकांत खसखस पिकली.

"मी तोच खुंट घेतो," जेन्सन पुढे म्हणाला. "अकरा वाव. मशीनवर कालच बगितलं, बेचाळीस, पुन्ना बेचाळीस. बुडाशी दगडांच्या गोनी टाकतो, मंग हलतो का बगू. एरॉल असंलच. जाळं बांदायला खुंटावर चढायला मला हलका मानूस पायजे होताच."

पाटील म्हणाला, "जागा सोडनाऱ्या घरानं वाव सांगायची रीत हाय. एरॉल?"

एरॉलने तळव्यांकडे पाहिलं. "सात," तो म्हणाला.

"थॉमसकाका, तुमी काय म्हनता?"

"माजा शब्द तुमी काढून घेतला," थॉमस म्हणाला.

"मंग सात. ठरलं."

"नऊ."

आवाज मागून आला, शेडकडून. आधी कुणाला कळेना कोण बोललं. जमातीत बाई बोलत नाही. मार्था वाळूतून चालत पुढे आली आणि माणसांच्या कडेला थांबली. तिचा चेहरा घामाने चकाकत होता.

"नऊ हाय. पपांनी बारा मोजले. त्येंच्या हाताचे बारा. माज्यासमोर मोजले. चिंधी व्हती दोरीला. मी सोडली."

पाटील खुर्चीत पुढे झुकला.

"कशापायी?" पाटलाने विचारलं.

मार्थाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एरॉलकडे पाहिलं. उत्तर तोच होता. ते चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

"जेन्सनदादा, अकराचा रोवू नका," ती म्हणाली. "ह्येंना त्याच्यावर चढवू नका. तो निघंल. दगडानं थांबनार नाय तो. पाया पडते."

जेन्सन तिच्याकडे बघत होता. मग त्याने एरॉलकडे पाहिलं. "तुला ठाऊक व्हतं?"

"चिंधीचं नाय," एरॉल म्हणाला.

"मंग कशाचं व्हतं?"

एरॉलने एका तळव्यावरची चिंधी दुसऱ्या हाताने घट्ट केली. त्यातून पिवळं पाणी आलं.

"मी टाकलं व्हतं शिसं. रोवताना. साडेनऊ आलं."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. आल्बिना शेडपाशी म्हणाली, "जीजस!" पाटील खुर्चीतल्या खुर्चीत वळला, जणू ऊन लागत होतं.

"जागेचं आता काय होत नाय," तो म्हणाला. "अवस झाली. रीत ती रीत."

"कोन मागतंय?" थॉमस म्हणाला.

मार्था अजून तिथेच उभी होती. एरॉल उठला. तो तिच्या अंगावरून गेला, इतक्या जवळून की त्याचा खांदा तिला लागला, आणि जेन्सनसमोर उभा राहिला.

"तिसरा ओंडका लागंल," तो म्हणाला. "जोडाची खाच मी काढतो. कुऱ्हाड तुमची हाय का माजी आनू?"

"तुजी आन," जेन्सन म्हणाला. त्याने खडू उचलला आणि होडीच्या फळीवर आकडे मांडले. साडेनऊ. त्याखाली चार. बेरीज करायला लागला.

थॉमस दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठला. उजवा हात नीट टेकला नाही, म्हणून त्याला वेळ लागला. तो फळीपाशी आला, डोळे बारीक करून आकडे पाहिले आणि अंगठ्याने साडेनऊ पुसला.

"दहा धर," तो जेन्सनला म्हणाला. "पुढच्या भांगेपातूर आनखी अर्धा जाईल."

जेन्सनने दहा लिहिलं.